अम्मीचं कपाट

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मला इथं बोलावलं ते कवी म्हणून, आणि मी विषय निवडलाय तो रंगकामाचा. कार्यक्रम बघणाऱ्या बाईंनी दोनदा विचारलं, ‘नक्की ना?’ नक्की. कवितेबद्दल मी आजवर पुष्कळ बोललोय आणि लोकांनी ते सोसलंय. गेल्या हिवाळ्यात मात्र महिनाभर माझ्या नखांत शाईऐवजी रंग होता. तेव्हा आज त्याबद्दलच बोलतो.

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ची सकाळ आमच्या गावात कुणी विसरणार नाही. २००५च्या जुलैतही पाणी आलं होतं, त्यामुळे पायरी भिजेल, फार तर उंबरठा ओलांडेल, या हिशेबानं आम्ही खालचं सामान टेबलावर चढवून ठेवलं. वाशिष्ठीनं तो हिशेब मानला नाही. टेबलही गेलं, टेबलावरचंही गेलं. आम्ही माडीवर बसून खालच्या खोलीत भांडी एकमेकांवर आपटल्याचे आवाज ऐकत होतो. पाणी ओसरलं तेव्हा घरात गुडघाभर गाळ, आणि त्या गाळात आडवं पडलेलं अम्मीचं कपाट.

दहा वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेलं भुशाच्या फळ्यांचं शोकेस चहात बुडवलेल्या खारीसारखं झालं होतं. उचलायला गेलो तर हातात तुकडा आला. कपाट सागवानी. ते शाबूत होतं. एक पाय निखळला होता, कुलूप गाळानं बसलं होतं, आणि मुख्य म्हणजे त्याचा रंग गेला होता. माझ्या लहानपणापासून पाहिलेलं ते तपकिरी, चकचकीत कपाट छातीइतक्या उंचीपर्यंत पांढरंफटक पडलं होतं, जणू कुणी पिठाचा हात फिरवलाय. ज्यांनी पॉलिशच्या टेबलावर ओला पेला ठेवून पांढरं वर्तुळ उमटवलंय आणि घरच्यांची बोलणी खाल्लीत, त्यांना हे लगेच कळेल. लाखेच्या पॉलिशला पाणी सोसत नाही. आमच्या कपाटाच्या बाबतीत पेल्याऐवजी नदी होती, इतकाच फरक.

आम्ही ते धुतलं. दारं बिजागरीतून काढली, विटांवर उभं करून मागच्या पडवीत सावलीत ठेवलं. उन्हात ठेवू नका, असं आमच्या शेजारच्या सुतारमामांनी बजावलं होतं. भिजलेलं लाकूड उन्हात घाईनं वाळलं की तडकतं. मधूनमधून बुरशी यायची, ती कोरड्या ब्रशनं झाडायची. असं करता करता ते तिथंच राहिलं. घर उभं करायचं होतं. कपाटाकडे बघायला कुणाला वेळ?

मग आमची मुलगी पुण्याला नोकरीला लागली, दोन खोल्यांचं घर घेतलं आणि एका रविवारी फोनवर म्हणाली, ‘अब्बा, दादीचं कपाट मला हवंय. पण त्या काळपट रंगात नको. मी त्याला चॉक पेंट देणार आहे.’

मी विचारलं, ‘कसला पेंट?’ तिनं सांगितलं. मी म्हटलं, ‘सागवानाला रंग? हापूसच्या रसात कुणी साखर घालतं का?’ ती म्हणाली, ‘खूप जण घालतात, अब्बा.’ हेही खरंच.

आता चॉक पेंट म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही ते आधी ठाऊक नव्हतं. शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग हा नव्हे. इंग्लंडमधल्या अ‍ॅनी स्लोन या बाईंनी १९९० साली जुन्या फर्निचरसाठी हा रंग काढला. चॉक पेंट हे नावही त्यांचंच. तो पाण्यात कालवलेला, दाट आणि वाळल्यावर अजिबात न चमकणारा असतो. हात फिरवला तर खडूवरून फिरवल्यासारखं वाटतं, म्हणून ते नाव. नवशिक्यांना तो आवडतो, कारण तो जुन्या पॉलिशवर, जुन्या रंगावर सहसा तसाच धरतो. आधी घासून घासून लाकूड उघडं करावं लागत नाही. ब्रशचे फराटे दिसले तरी बिघडत नाही, उलट लोक त्याचं कौतुक करतात. तासाभरात वाळतो. मात्र तो सच्छिद्र असतो, डाग पितो, म्हणून वरून मेण किंवा वॉर्निश द्यावंच लागतं.

बाहेरचा डबा महाग पडतो. मुलीनं घरगुती पाककृती शोधून आणली होती. भिंतीचा साधा मॅट इमल्शन रंग तीन वाट्या, प्लास्टर ऑफ पॅरिस एक वाटी, पाणी एक वाटी. प्लास्टर आधी पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचं, मग रंगात घालायचं. आम्ही पहिल्याच दिवशी उत्साहानं सगळा रंग एकदम कालवला आणि चहाला बसलो. चहा, त्यावर गप्पा, मग परत येऊन बघतो तर बादलीत कणीदार घट्ट दही. प्लास्टर कुणासाठी थांबत नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्याऐवजी खडूची भुकटी वापरली. हार्डवेअरच्या दुकानात ती व्हायटिंग म्हणून मिळते. ती पाण्यात आवळत नाही. माझ्यासारख्या चहाबाज माणसानं प्लास्टरच्या नादी लागू नये.

पण मी पुढं धावतोय. त्याआधी मिस्त्रींची गोष्ट सांगायला हवी.

आमच्या मोहल्ल्यातले जुने पॉलिशवाले मिस्त्री आता सत्तरीत आहेत. त्यांना मी कपाट दाखवायला बोलावलं. मनात असं होतं की ते मुलीची समजूत घालतील आणि कपाट पुन्हा पहिल्यासारखं तपकिरी करून देतील. त्यांनी कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेतलं आणि दारावर एका कोपऱ्यात घासलं. बोळा तांबूस, चिकट झाला. ‘लाखेचंच आहे,’ म्हणाले. तुमच्याकडच्या जुन्या वस्तूवर कसलं पॉलिश आहे हे बघायचं असेल तर ही सोपी युक्ती. स्पिरिटनं विरघळलं तर लाख. मग त्यांनी विचारलं, ‘काय करायचं ठरलंय?’ मुलीनं सांगितलं, ‘चाचा, पांढरट रंग द्यायचाय.’ मिस्त्रींनी बोळा खाली ठेवला, हात पुसले, म्हणाले, ‘साग रंगवायचा असेल तर मला बोलावू नका, बेटा. साध्या लाकडाला रंग देतात, ते झाकायचं असतं म्हणून.’ चहा न घेता गेले. आमच्याकडे चहा न घेता जाणं म्हणजे काय, ते कोकणातल्या श्रोत्यांना सांगायला नको.

खरं सांगायचं तर मी मिस्त्रींच्या बाजूचा होतो. त्याला कारण आहे. या कपाटावर मी एक कविता लिहिली होती. माझ्या दुसऱ्या संग्रहात ती आहे. आईच्या कपाटाची ती गडद तपकिरी झळाळी, तिच्यात दिसणारा तिचा चेहरा, असं सगळं तिच्यात आहे. काव्यवाचनाच्या कार्यक्रमांत ही कविता नेहमी चालली. दोनचार ठिकाणी लोकांनी डोळे पुसलेले मी पाहिलेत. आता त्या झळाळीवर पांढरा रंग फासायचा म्हणजे माझ्या कवितेवरच की! हे मी मुलीला बोललो नाही. तिला कळलं असावं.

तर डिसेंबरात ती आठवडाभराची रजा काढून आली. हिवाळाच का, तर पावसाळ्यात आमच्याकडे हवेतच इतकं पाणी असतं की पॉलिश ओढलं तर ते आपोआप पांढुरकं होतं आणि रंग वाळता वाळत नाही. कामाला आधी सुरुवात होते ती धुण्यापासून. दिसायला हे क्षुल्लक काम, पण घाईत टाळलं तर पुढं रंग पापुद्र्यासारखा सुटतो. जुन्या लाकडावर हाताचा तेलकटपणा असतो, कुणी कधी मेण लावलेलं असतं, आणि आमच्या कपाटावर तर वाशिष्ठीचा गाळ नक्षीच्या कोपऱ्यांत घट्ट बसला होता. कोमट पाणी, धुण्याचा सोडा, दात घासायचा जुना ब्रश. मुठी, कड्या, बिजागऱ्या आधीच काढून एका डब्यात. भेगा आणि खिळ्यांची भोकं लांबीनं भरायची, वाळली की बारीक काचकागदानं सारखी करायची. चकाकी जिथं टिकली होती तिथं काचकागदाचा नुसता एक हलका हात. बस.

मग तिनं एका दारावर पांढऱ्याचा पहिला हात दिला. संध्याकाळी सुंदर दिसत होतं. मीही मनातल्या मनात मान्य केलं. सकाळी उठून बघतो तर दारावर तांबूस पिवळे डाग, पानाची पिंक उडाल्यासारखे. दुसरा हात दिला. दुपारपर्यंत डाग पुन्हा वर. मुलगी रडकुंडीला आली. मला वाईट वाटलं आणि, आता कबूल करायला हरकत नाही, थोडं बरंही वाटलं. लाकूड आपली बाजू मांडतंय, असं काहीतरी मनात आलं. कवींना असल्या गोष्टी फार लवकर सुचतात.

कारण साधं होतं. सागाच्या अंगात तेल असतं, रंगद्रव्य असतं. शिवाय जुन्या पॉलिशमध्ये घातलेला तांबडा रंग. पाण्यातल्या रंगाचा ओला हात पडला की हे सगळं त्यात उतरतं आणि वर येतं. गडद लाकडावर फिका रंग द्यायला निघालेल्या प्रत्येक नवशिक्याला हा धडा मिळतो. रंगाचे आणखी दहा हात दिले तरी उपयोग नसतो. मध्ये काहीतरी अडसर घालावा लागतो.

त्याच दुपारी नक्षी साफ करताना तिनं हाक मारली, ‘अब्बा, हे बघा.’ कपाटाच्या माथ्याला वेलबुट्टीची पट्टी आहे. तिच्या खोलगट भागात, पॉलिशच्या खाली हिरवा रंग होता. बिजागरीच्या मागंही तोच. जाड, कडक तेलरंग. मला वाटलं बुरशी असेल. नखानं टोकरून पाहिलं, बुरशी नव्हती.

अम्मी पडवीत खुर्ची टाकून आमचा उद्योग बघत बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर. तिला बिजागरीची जागा दाखवली. तिनं चष्मा वर केला, जवळून पाहिलं आणि म्हणाली, ‘हा माझ्या बापाच्या मचव्याचा रंग.’

अम्मीचं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. तिच्या बापाचा मचवा होता. १९६६ साली लग्न ठरलं तेव्हा घरच्या आवारातला साग पाडून गावातल्याच सुतारानं हे कपाट केलं, आणि मचव्याला आणलेला हिरवा रंग उरला होता तो त्याला दिला. त्याच मचव्यातून ते खाडीनं गोवळकोटच्या धक्क्याला आलं. अम्मी म्हणाली, ‘मी पाण्यानंच आले, कपाटही पाण्यानंच आलं.’ हिरवं कपाट. तेरा वर्षं ते हिरवंच होतं.

मग माझे वडील कुवेतला गेले. १९७९ साली पहिल्या मोठ्या रजेवर आले तेव्हा हातात पैसा होता. मोहल्ल्यात परदेशी गेलेल्या सगळ्यांच्या घरी पॉलिशचं फर्निचर आलं होतं. वडिलांनी माणूस बोलावला. त्यानं काचेच्या तुकड्यानं कपाट खरवडून उघडं केलं आणि लाखेचं पॉलिश चढवलं. तेव्हा मी दहा वर्षांचा. मला फक्त ती नवी झळाळी आठवते. हिरवं कपाट मला आठवतच नाही. ज्या झळाळीत मी कवितेत तिचा चेहरा पाहिला, ती तिची नव्हतीच.

मी विचारलं, ‘तू अब्बांना नको म्हणाली नाहीस?’

‘मला विचारलं कुठं? शाळेतनं तुला आणायला गेले होते. परत आले तर अर्धं कपाट खरवडलेलं. मग काय, पॉलिशवाल्याला चहा करून दिला.’

‘आणि मी कविता वाचली तेव्हा? तेव्हा का नाही सांगितलंस?’

‘तू इतकं छान लिहिलं होतंस,’ अम्मी म्हणाली. ‘लोक टाळ्या वाजवत होते. मध्येच काय सांगायचं?’

श्रोतेहो, कपाट खरवडता येतं. छापलेल्या कवितेचं तसं नाही. तो संग्रह वाचनालयांत आहे, लोकांच्या घरांत आहे. दुसरी आवृत्ती निघण्याइतका मी मोठा कवी नाही. असो.

मुलीनं काही न बोलता पांढऱ्याचा डबा बाजूला ठेवला आणि हिरवा रंग आणायला बाजारात गेली.

इथं एक धोक्याची गोष्ट सांगतो. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांतलं शिसं दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या जुन्या रंगाचा थर घरात सापडला, तर तो कोरडा घासू नका. त्याची धूळ मुलांच्या पोटात जाणं फार वाईट. ओल्या फडक्यानं पुसावा, तोंडाला चांगला मास्क लावावा, आणि शक्यतो तो थर तसाच झाकून टाकावा. आम्ही नक्षीतला हिरवा तसाच ठेवला.

डागांचं काय? मी मिस्त्रींकडे गेलो. आधी चहा घेतला, त्यांच्याकडे. मग सगळं सांगितलं, मचव्यासकट. ते हसले. ‘म्हणजे रंगवायचंच होतं तर ते! आधी सांगायचं.’ डागांचं ऐकून म्हणाले, ‘त्याला औषध आमच्याकडेच आहे.’ औषध म्हणजे चपडा. लाखेचे ते पातळ, नारिंगी पापुद्रे.

ही लाख कुठून येते, ते मला फार आवडतं म्हणून सांगतो. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या डहाळ्यांवर बारीक किडे राहतात, आणि स्वतःभोवती ते जो थर तयार करतात ती लाख. आपल्या देशात सगळ्यात जास्त लाख झारखंडात होते. ती खरवडून, धुऊन, वितळवून, ताणून तिचे पापुद्रे करतात. एक लिटर स्पिरिटला पाव किलो चपडा, रात्रभर भिजत ठेवायचा. भांडं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं. लोखंडाचं नको, लाख काळी पडते. आणि जवळपास बिडी, निरांजन, गॅस काही नको. स्पिरिट पेट घेतं. सकाळी फडक्यातून गाळलं की झालं.

मिस्त्री स्वतः आले. डाग पडलेल्या पांढऱ्या दारावरच त्यांनी चपड्याचे दोन पातळ हात दिले, भराभर, एकदा गेलेल्या जागी ब्रश परत न नेता. सगळ्या कपाटाला तेच केलं. अर्ध्या तासात हाताला कोरडं. म्हणाले, ‘आता मारा तुमचा खडू.’ डाग पुन्हा वर आले नाहीत. इंग्लंडच्या रंगाचं दुखणं झारखंडच्या किड्यानं बरं केलं. मिस्त्रींनी आणखी एक सांगितलं. चांगलं पॉलिश करायचं तर ते आधी लाकडाच्या रेषा खडूच्या भुकटीत रंग कालवून भरत, मग त्यावर लाख चढवत. ‘आमचा खडू आत, तुमचा बाहेर. एवढंच.’

हिरव्याचे दोन हात झाले. जाड एकच हात देण्यापेक्षा पातळ दोन बरे. दोन्हींच्या मध्ये पूर्ण वाळू द्यावं. दुसऱ्या दिवशी कडा काचकागदानं किंचित घासल्या. हा रंग देणारे बरेच जण वस्तू जुनी दिसावी म्हणून तसं करतात. मला ते पटलं नाही. पुरातून निघालेल्या कपाटाला मुद्दाम जुनं काय करायचं? दोन कडा घासून झाल्यावर मुलीलाही पटेनासं झालं. आतली बाजू आम्ही रंगवली नाही. कपड्यांना वास लागतो. शिवाय आत मागच्या फळीवर पाण्याची रेघ आहे, ती राहू दे म्हणाली.

शेवटी मेण. मधाच्या पोळ्याचं एक भाग, टर्पेंटाइन चार भाग. मेण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचं, शेगडी बंद करून ते बाजूला न्यायचं आणि मगच त्यात टर्पेंटाइन ओतायचं. गार झालं की मलमासारखं होतं. मऊ सुती फडक्यानं अगदी पातळ लावायचं, थोड्या वेळानं कोरड्या फडक्यानं चोळायचं. नवशिके इथं हमखास मेण जास्त लावतात, मग महिनाभर कपाट चिकट. आम्हीही लावलं. आणि मेण पुरतं घट्ट व्हायला काही आठवडे जातात, तोवर त्यावर ओलं भांडं, गरम भांडं ठेवू नये.

कपाट पुण्याला निघालं त्या दिवशी अम्मीला टेंपोजवळ खुर्ची दिली. तिनं दारावरून हात फिरवला. मी विचारलं, ‘तसाच रंग जमला ना?’ ती म्हणाली, ‘नाही. तो चमकायचा. ऊन पडलं की खाडीसारखा.’ मग मुलीकडे बघून म्हणाली, ‘पण हाही चांगलाय. माझ्या खोलीत असता तर मला चालला असता.’ मुलगी म्हणाली, ‘दादी, चल की मग तूही पुण्याला.’ अम्मी म्हणाली, ‘कुलूप दुरुस्त करून घे आधी. दार वाऱ्यानं उघडतं.’

अर्धा डबा रंग उरला होता. संध्याकाळी मिस्त्री आले, इकडचं तिकडचं बोलले आणि निघताना म्हणाले, नातीचं अभ्यासाचं टेबल आहे घरी, तो रंग नेला तर चालेल का. मी डबा दिला. पुण्याच्या वाटेवर असलेल्या आमच्या मुलीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘चाचांना सांगा, आधी चपड्याचा हात मारा म्हणावं, नाहीतर डाग वर येतील.’